केबिनमधला हेर: ट्रकच्या नोंदयंत्राचा इतिहास आणि एक राहून गेलेला प्रश्न

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मध्यंतरी नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ एका मालवाहतूकदाराच्या ऑफिसात बसलो होतो. टेबलावर बिल्ट्यांचा गठ्ठा, भिंतीवर देवाचा फोटो, आणि त्या फोटोखाली मोठा टीव्ही. टीव्हीवर नकाशा. नकाशावर ठिपके. चालत्या गाडीचा ठिपका हिरवा, उभ्या गाडीचा लाल, आणि इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीचा पिवळा. शेठ माझ्याशी बोलत होते, पण अर्धा डोळा त्या पडद्यावर.

एक ठिपका शिरपूरच्या अलीकडे लाल झाला आणि लालच राहिला. शेठनी फोन लावला.

"मामा, काय झालं? चाळीस मिनिटं गाडी उभी दिसतेय."

तिकडून आवाज आला, "शेठ, डोळा लागायला लागला होता. रात्रभर माल भरत होते ना तिथे, पाठ टेकली नव्हती. जरा पडलो."

"बरं बरं. पण पार्टी सहाची वाट बघतेय. निघा आता."

ठिपका हिरवा झाला. शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, आधी असं कळायचं नाही. हे आल्यापासून कंट्रोल आलाय."

यात शेठ वाईट माणूस आहेत असं मला अजिबात वाटलं नाही. गाडीचे हप्ते त्यांच्या डोक्यावर, उशीर झाला तर भाड्यातून कापून घेणारी पार्टी समोर. पण मला ते दृश्य डोक्यातून जाईना. त्या पडद्यावर गाडीचा वेग होता, डिझेल होतं, जागा होती, इंजिन किती वेळ चालू होतं तेही होतं. मामा किती तास जागे आहेत, हे मात्र कुठेच नव्हतं. यंत्राला ते कळलं नसतं का? कळलं असतं. मग ते का नाही? हे शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं की गाडीच्या नोंदीचा इतिहास खूप जुना आहे, आणि त्याची सुरुवात नेमकी या राहून गेलेल्या प्रश्नापाशी जाऊन मिळते. आजचा भाग त्याबद्दल.

घड्याळजींचं गाव आणि मेणाचा कागद

धावत्या वाहनाने स्वतःच स्वतःची नोंद ठेवावी ही कल्पना रेल्वेतली. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत माक्स मारिया फोन वेबर नावाचे एक रेल्वे अभियंता आणि अधिकारी होते. संगीताच्या जाणकारांना आडनाव ओळखीचं वाटेल, कारण ते प्रसिद्ध संगीतकार कार्ल मारिया फोन वेबर यांचे चिरंजीव. इंजिनाच्या वेगाची आपोआप नोंद करणाऱ्या यंत्राचं श्रेय त्यांना दिलं जातं. कारण साधं होतं. गाडी घसरली की ड्रायव्हर म्हणणार मी हळूच होतो, स्टेशनमास्तर म्हणणार तो सुसाट आला. खरं कोण बोलतंय हे सांगणारा तिसरा साक्षीदार हवा होता. आपल्याकडेही रेल्वे इंजिनात वेगाची नोंद होते आणि चौकशी लागली की ती नोंद काढली जाते.

हेच यंत्र रस्त्यावर आणण्याचं काम मोठ्या प्रमाणात केलं ते जर्मनीतल्या फिलिंगेन या गावातल्या कीन्त्सले कंपनीने. हा ब्लॅक फॉरेस्टचा भाग, घड्याळजींचा मुलूख. टॅकोग्राफ म्हणजे तरी काय, घड्याळ आणि वेगमापक यांचं लग्नच. कीन्त्सले टॅक्सीमीटरही बनवायची. पुढे ती हस्ते-परहस्ते विकली गेली, पण फिलिंगेन आणि टॅकोग्राफ हे नातं टिकून राहिलं.

हे यंत्र कसं चालायचं ते सांगतो, कारण त्यात गंमत आहे. वर मेणाचा पातळ थर दिलेली, सीडीएवढी गोल कागदी तबकडी. ती चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करते. तिच्यावर टोकदार काट्या टेकलेल्या. एक काटी वेग ओरखडते, एक अंतर, आणि एक ड्रायव्हर काय करतोय ते: गाडी चालवतोय, दुसरं काम करतोय, की विश्रांती घेतोय. सकाळी ड्रायव्हरने तबकडीवर आपलं नाव लिहायचं, यंत्रात घालायची, झाकण बंद. यंत्राला सील. दिवस संपला की त्या गोल कागदावर माणसाचा अख्खा दिवस उमटलेला असायचा. पोलिसाने रस्त्यात थांबवलं तर तो कागद दाखवायचा.

जर्मनीने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोठ्या गाड्यांना हे यंत्र सक्तीचं केलं. मग युरोपीय समुदायाने १९६९ साली ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचे नियम केले आणि १९७० साली ते तास मोजायला टॅकोग्राफ सक्तीचा केला. हा क्रम लक्षात ठेवा. आधी तासांचा नियम आला, मग तो पाळला जातोय का हे बघायला यंत्र आलं. युरोपात यंत्राला विचारलेला पहिला प्रश्न होता, "या माणसाला विश्रांती मिळाली का?"

इंग्लंडमधली बोंबाबोंब

आता वाटेल की ड्रायव्हर खूश झाले असतील. नाही. ब्रिटन १९७३ साली युरोपीय समुदायात गेलं आणि तिथल्या वाहतूक कामगार संघटनांनी या यंत्राला जोरदार विरोध केला. त्यांनी त्याला नाव ठेवलं 'स्पाय इन द कॅब'. केबिनमधला हेर. या भागाचं नाव तिथूनच घेतलंय.

त्यांचा राग समजण्यासारखा होता. ट्रक ड्रायव्हरच्या नोकरीत पगार फारसा नाही, घर नाही, पण एक गोष्ट आहे: डोक्यावर मुकादम नाही. फाटकातून गाडी बाहेर काढली की रस्ता आणि आपण. तेवढंच स्वातंत्र्य, आणि त्यावरच हे यंत्र येऊन बसणार. ब्रिटिश सरकारनेही मग सक्ती न करता यंत्र ऐच्छिक ठेवलं. युरोपीय आयोगाने ब्रिटनला कोर्टात खेचलं.

काळ बघा कसा. जानेवारी १९७९मध्ये ब्रिटनमध्ये ट्रक ड्रायव्हरांचा मोठा संप झाला. त्या हिवाळ्यात तिथे संपांची रांगच लागली होती. आणि ७ फेब्रुवारी १९७९ला युरोपीय न्यायालयाचा निकाल आला. सरकारचं म्हणणं होतं की सक्ती केली तर संघटना पेटतील, वाहतूक ठप्प होईल. न्यायालयाने सांगितलं की समुदायाचे फायदे घ्यायचे आणि न आवडणारा नियम तेवढा बाजूला ठेवायचा, असं चालणार नाही. पुढच्या दोनतीन वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रिटनमध्येही टॅकोग्राफ आला.

ड्रायव्हरांनी मग यंत्राला फसवायच्या युक्त्याही काढल्या. काटी वाकवायची, फ्यूज काढायचा, दुसऱ्याच्या नावाची तबकडी घालायची. १ मे २००६पासून युरोपात नव्या गाड्यांना डिजिटल टॅकोग्राफ आला, ड्रायव्हरच्या नावाचं चिपवालं कार्ड आलं, तेव्हा लोकांनी गिअरबॉक्सवरच्या सेन्सरला लोहचुंबक चिकटवायला सुरुवात केली. हेर आला की हेराला चकवणारा येतोच.

पण या सगळ्यातून एक गोष्ट घडली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजचा युरोपातला नियम असा आहे: साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा चालतील. आठवड्याला जास्तीत जास्त छप्पन्न, आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून नव्वद. हे २००६च्या नियमावलीत लिहिलेलं आहे. त्याच नियमावलीत आणखी दोन कलमं आहेत. एक, रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या वजनावर ड्रायव्हरला पैसे किंवा बोनस द्यायचा नाही. दोन, ड्रायव्हरने तास मोडले तर कंपनीही जबाबदार.

म्हणजे काय झालं? ज्या कागदाला ड्रायव्हर हेर म्हणत होता, तोच कागद त्याला मालकापुढे ठेवता येऊ लागला. "साहेब, माझे तास भरले. आता निघालो तर नोंद होईल, आणि ती तुम्हालाही महागात पडेल." हे वाक्य बोलायला त्याच्या पाठीशी यंत्र उभं राहिलं. सगळीकडे सगळं आलबेल झालं असं नाही. पण निदान ते वाक्य बोलता येतं.

अमेरिकेतला पांढरा घुमट

अमेरिकेतली गोष्ट दुसऱ्या टोकाने सुरू होते.

१९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी मोटर कॅरियर अ‍ॅक्टवर सही केली आणि ट्रक वाहतुकीवरची सरकारी बंधनं बरीच सैल झाली. नवे वाहतूकदार बाजारात उतरले, दर पडले, स्पर्धा जीवघेणी झाली. त्याच काळात कारखान्यांना माल गोदामात साठवण्याऐवजी हवा त्या वेळी दारात हवा झाला. आता मालकाचा प्रश्न एकच: "माझी गाडी आत्ता कुठे आहे?"

तोपर्यंत याचं उत्तर कसं मिळायचं? ड्रायव्हर ठरलेल्या वेळी ट्रक स्टॉपवर थांबून फोन करायचा. रांगेत उभं राहायचं, नाणी टाकायची, "मी अमक्या गावात आहे" सांगायचं, पुढचा माल कुठून उचलायचा ते विचारायचं. त्यात रोजचा वेळ जायचा. आणि मधल्या वेळात मालकाला काही कळायचं नाही.

१९८५ साली सॅन डिएगोत अर्विन जेकब्स, अँड्र्यू व्हिटर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वालकॉम नावाची कंपनी काढली. हो, तीच, जिची चिप तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये आहे. १९८८ साली त्यांनी ऑम्निट्रॅक्स नावाची यंत्रणा बाजारात आणली. ट्रकच्या केबिनमागे एक पांढरा घुमट, आत अँटेना, ड्रायव्हरसमोर छोटा कळफलक आणि पडदा. घुमट उपग्रहाशी बोलायचा, उपग्रह सॅन डिएगोच्या केंद्राशी, आणि केंद्र मालकाच्या ऑफिसशी. ठिकाणही कळायचं आणि निरोपही जायचे-यायचे. तेव्हा जीपीएसचे सगळे उपग्रह वर गेलेलेही नव्हते, ती यंत्रणा पुरी व्हायला नव्वदचं दशक अर्धं उलटावं लागलं. पहिलं मोठं गिऱ्हाईक होती विस्कॉन्सिन राज्यातली श्नायडर नॅशनल, नारिंगी ट्रकवाली. डॉन श्नायडर यांनी आपल्या हजारो गाड्यांवर हे घुमट बसवायचं ठरवलं आणि बाकीच्यांना मागून यावंच लागलं.

इथे आपल्याशी जोडणारा एक धागा आहे. सुरुवातीच्या वर्षांत क्वालकॉमला या घुमटांमधून जो पैसा मिळाला, त्याच्या आधारावर त्यांनी सीडीएमए हे मोबाइलचं तंत्र विकसित केलं. आणि २००३च्या पावसाळ्यात 'मान्सून हंगामा' म्हणून पाचशे एक रुपये भरून जो रिलायन्सचा फोन आपल्याकडे घरोघरी आला, तो याच सीडीएमएवर चालायचा. अमेरिकेतल्या ट्रक मालकाला "गाडी कुठाय" हे हवं होतं, त्यातून आपल्या गावाकडच्या माणसाच्या हातात पहिला मोबाइल आला. इतिहास असा आडवळणाने जातो.

१ मे २००० हा आणखी एक टप्पा. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, आणि तिकडे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्याचा आदेश दिला. आधी जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची, ती आता दहा-वीस मीटरवर आली. गाडी महामार्गावर आहे की बाजूच्या ढाब्यावर, हे प्रथमच स्वस्तात कळायला लागलं.

इंजिन बोलायला लागलं

आतापर्यंत यंत्र गाडीच्या बाहेरून बघत होतं. गाडीच्या आतलं कळायला आणखी एक गोष्ट लागली. १९८६ साली बॉश कंपनीने 'कॅन बस' नावाची पद्धत मांडली. यातल्या 'बस'चा आपल्या एसटीशी संबंध नाही. ही दोन तारांची एक सामाईक वाट असते. इंजिनाचा संगणक, ब्रेकचा संगणक, गिअरबॉक्सचा संगणक, सगळे तिच्यावर आपापला निरोप टाकतात आणि ज्याला हवा तो उचलतो. चावडीवर दवंडी पिटावी तसं. ट्रकसाठी या निरोपांची सामाईक भाषा ठरली, तिचं नाव जे-१९३९. आणि २००२ साली युरोपातल्या मोठ्या ट्रक उत्पादकांनी एकत्र येऊन यातली काही माहिती बाहेरच्या यंत्रांनाही वाचता येईल असं ठरवलं.

मग नकाशावरच्या ठिपक्याला तोंड फुटलं. डिझेल किती जळतंय, इंजिनाचे फेरे किती, क्लच किती वेळा दाबला, ब्रेक किती जोरात मारला, गाडी उभी असताना इंजिन किती मिनिटं वाया चालू होतं. आज ज्याला टेलिमॅटिक्स म्हणतात ते म्हणजे ही माहिती, अधिक जीपीएसची जागा, अधिक एक सिमकार्ड. तिन्ही एका डबीत. महिनाअखेरीला प्रत्येक ड्रायव्हरला गुण देणारा तक्ता तयार.

याचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. इंजिन वाया चालू ठेवणं कमी झालं की डिझेल वाचतं. जोरात ब्रेक मारणारा ड्रायव्हर आधीच लक्षात येतो. इंजिनातला बिघाड घाटात गाडी बंद पडायच्या आधी कळतो. हे सगळं मालकाच्या कामाचं, आणि थोडंफार ड्रायव्हरच्याही.

कॉमिक बुकं आणि त्यांचा शेवट

पण अमेरिकेत तासांचं काय? तिथे १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून कामाच्या तासांचे नियम होते, आणि ड्रायव्हरने कागदी वहीत स्वतः नोंद करायची. ड्रायव्हर त्या वह्यांना 'कॉमिक बुक' म्हणायचे. का, ते सांगायला नको. मैलावर पैसे मिळणारा माणूस दोन वह्या ठेवणारच. माल चढवायला पाच तास लागले तर त्याचे पैसे नाहीत, गाडी धावली तरच पैसे. ती भरपाई तो झोपेतून करायचा.

सरकारने इंजिनाला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र आणायचा प्रयत्न केला, तेव्हा स्वतःची गाडी चालवणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली. २०११ साली कोर्टाने तो नियम रद्द केला. कारण असं की मालकाने या यंत्राने ड्रायव्हरला छळू नये याची व्यवस्था नियमात नव्हती. मग २०१५ साली नवा नियम आला आणि १८ डिसेंबर २०१७पासून लागू झाला. या वेळी छळाला बंदी घातली होती. त्यात एक बारीकशी तरतूद आहे: ड्रायव्हर मागच्या बर्थवर झोपलेला असताना यंत्राचा आवाज बंद करता आला पाहिजे. ही ओळ वाचली तेव्हा मला शिरपूरच्या अलीकडचा तो लाल ठिपका आणि शेठनी लावलेला फोन आठवला.

निकाल काय लागला? अ‍ॅलेक्स स्कॉट, अँड्र्यू बॉलथ्रॉप आणि जेसन मिलर या संशोधकांनी यावर अभ्यास केला. तासांचे नियम मोडणं खरंच कमी झालं. अपघात मात्र कमी झालेले दिसले नाहीत. उलट छोट्या वाहतूकदारांच्या गाड्यांमध्ये वेग वाढवण्यासारखे धोकादायक प्रकार वाढले. घड्याळ आता खोटं बोलत नव्हतं, पण मैलावर पैसे तसेच, माल चढवताना फुकट जाणारे तास तसेच. मग उरलेल्या वेळात तेवढंच अंतर काढायचं तर पाय दाबायलाच हवा. समाजशास्त्रज्ञ कॅरन लेव्ही यांनी 'डेटा ड्रिव्हन' या २०२२च्या पुस्तकात हेच दाखवलंय की रोग पैशाच्या पद्धतीत होता आणि औषध ड्रायव्हरच्या मनगटावर बांधलं.

आणि आपण

आता घरी येऊ.

भारतात कामाच्या तासांचा कायदा नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. आहे. मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट, १९६१. युरोपच्या नियमांच्याही आठ वर्षं आधीचा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१व्या कलमाने हेच तास पुन्हा सांगितले. १९६१चा कायदा आता २०२०च्या श्रमसंहितेत सामावला गेलाय. म्हणजे नियम साठ वर्षांहून जुना. पण हा नियम मोजायला आपण यंत्र कधी आणलंच नाही.

आपल्याकडे यंत्र आलं ते डिझेलसाठी. जुन्या ट्रकमध्ये इंजिनाला संगणकच नव्हता, सगळं पंपावर. मग टाकीत एक दांडी सोडायची, ती डिझेलची पातळी सांगणार. गाडी खड्ड्यात आपटली, डिझेल हिंदकळलं, की इकडे मालकाच्या फोनवर "चोरी!" असा संदेश आणि तिकडे ड्रायव्हरची उलटतपासणी. पुढे बीएस-४ आणि १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं, ट्रकच्या इंजिनात संगणक आला, आणि कंपन्याच गाडीबरोबर टेलिमॅटिक्स द्यायला लागल्या. त्याआधीच २०१६पासून डेटा स्वस्त झाला होता. एका गाडीच्या मालकालाही फोनवर ठिपका दिसू लागला.

सरकारनेही यंत्र आणलं, पण वेगळ्या कारणाने. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या बलात्कारानंतर प्रवासी वाहनांतल्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यातून प्रवासी वाहनांना जागा कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण लावायचा नियम आला, २०१९पासून नव्या गाड्यांना. त्याचं मानक, एआयएस-१४०, पुण्याच्या एआरएआयने प्रसिद्ध केलं. त्या यंत्राने आपले स्वतःचे नाविक उपग्रहही वाचावेत अशी त्यात योजना आहे. हेतू चांगला, गरज खरी. पण त्यातही स्टिअरिंगवरचा माणूस किती तास बसलाय हा प्रश्न नाही.

सप्टेंबर २०२१मध्ये नितीन गडकरी यांनी हा विषय काढला होता. वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत असं ते म्हणाले होते. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, ही त्याच दिशेची चांगली गोष्ट. तास मात्र अजून कागदावरच.

करता येत नाही असंही नाही. २०१४ साली गुरुग्रामला सुरू झालेल्या रिव्हिगोने एक प्रयोग केला होता. गाडी पुढे जाणार, ड्रायव्हर बदलणार. काही तासांच्या अंतरावर टप्पे, एकाने गाडी आणून द्यायची, दुसऱ्याने पुढे न्यायची, आणि पहिल्याने परतीची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी. आपल्याकडे टपाल असंच जायचं, टप्प्याटप्प्याने, हरकारे बदलत. पुढे त्या कंपनीचा मोठा भाग २०२२मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सकडे गेला. धंदा म्हणून त्याचं काय झालं हा वेगळा विषय. पण तोच ठिपका, तेच सिमकार्ड, आणि हिशेब मात्र असा मांडला होता की ड्रायव्हर रात्री घरी पोहोचेल. त्यासाठी कुठलं नवं यंत्र लागलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, हेर हा शब्द थोडा चुकतो. हेर कुणाचा तरी असतो. फिलिंगेनच्या तबकडीवर पहिला हक्क कायद्याचा होता, म्हणून ती कधी ड्रायव्हरच्या विरुद्ध गेली तर कधी त्याच्या बाजूने उभी राहिली. पांढरा घुमट मालकाचा होता, म्हणून तो मालकाचीच भाषा बोलला. आपल्याकडचा ठिपकाही आज फक्त मालकाचा आहे. ती नोंद ड्रायव्हरलाही दाखवा, तिच्यात तासांचा एक रकाना घाला, आणि तास भरल्यावर "निघा" म्हणणाऱ्यालाही ती मोजू दे. त्या मालकाच्या मानेवर बसलेल्या पार्टीलाही. गाडी चालू-बंद झाल्याची वेळ यंत्राकडे आधीच आहे, फक्त बेरीज करायची आहे.

मी शेठना निघताना विचारलं होतं, "यात मामा किती तास गाडीवर आहेत ते दिसतं का हो?" ते थोडा वेळ माउस इकडेतिकडे फिरवत बसले. मग म्हणाले, "असेल बहुतेक. कधी बघितलं नाही."

तुमच्यापैकी कुणी ट्रक, एसटी, कंपनीची बस किंवा टॅक्सी चालवत असाल, किंवा घरात कुणी चालवत असेल, तर तुमच्या गाडीतलं यंत्र काय मोजतं आणि ते तुम्हाला दाखवलं जातं का, हे जरूर कळवा. निवडक अनुभव नाव न घेता पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोपर्यंत सांभाळून चालवा, आणि डोळा लागत असेल तर थांबा. भेटू.